पायथनला कुणी काकू म्हणतं का?

२०२३ सालच्या जूनमधला एक रविवार. दुपारची जेवणं आटपली होती, नवरा पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला होता आणि मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून स्वतःच्याच रेझ्युमेतून चार आकडे खोडत बसले होते. १९९५. माझ्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीचं साल.

लेक पाणी प्यायला आली आणि मागे उभी राहून बघायला लागली.

‘‘आई, साल का उडवलंस?’’

‘‘सगळे उडवतात म्हणे. वय कळत नाही.’’

‘‘अगं, पण खाली कोबोल लिहिलंयस ना. त्यावरून कळेलच की!’’

घ्या! बावीस वर्षांच्या पोरीने एका वाक्यात विकेट काढली. मी कोबोलही उडवलं. मग पहिली कंपनी उडवली. मग वायटूकेचा प्रोजेक्ट उडवला, ज्याच्यापायी १९९९ची थर्टीफर्स्ट मी सर्व्हर रूममध्ये काढली होती. शेवटी रेझ्युमे एवढा सडपातळ झाला की, माझा मलाच ओळखू येईना. त्याच संध्याकाळी केस रंगवले. ‘माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,’ असं ऐटीत सुनावणाऱ्या आजीची मी नात. आणि तेच पांढरे केस लपवायला पार्लरमध्ये दीड तास बसले होते!

मंडळी, तुम्ही म्हणाल, ही पानं पंचविशी-तिशीतल्यांची, इथे ही काकू कुठून आली? थांबा जरा. ही गोष्ट जितकी माझी आहे, तितकीच तुमची आहे. कारण आयटीत म्हातारपण साठीला येत नाही. ते चाळिशीच्या आसपासच येऊन बेल वाजवतं. आणि दार उघडणारी बाई असेल, तर त्याहूनही आधी.

शाल नाही, नारळ नाही

माझे बाबा राज्य सरकारच्या नोकरीत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. ऑफिसने शाल दिली, नारळ दिला, साहेबांनी भाषण केलं, आईलाही बोलावलं होतं आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले. तारीख आधीपासून ठाऊक होती. त्या तारखेच्या हिशेबानेच त्यांनी फ्लॅटचं कर्ज फेडलं आणि माझं लग्न करून दिलं.

माझा निरोप समारंभ पंधरा मिनिटांचा होता. मार्च २०२३, व्हिडिओ कॉलवर. एचआरची मुलगी गोड होती, पंचवीस-सव्वीसची असेल. ‘‘मॅम, हे तुमच्या परफॉर्मन्समुळे नाहीये,’’ असं तीनदा म्हणाली. कॉल संपला तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. दुपारी तीनपर्यंत माझा मेल बंद. चौदा वर्षं होते मी त्या कंपनीत.

डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी आलं ते गणित. घराचे हप्ते अजून सहा वर्षांचे. लेकीच्या कॉलेजची शेवटची फी. आणि सासूबाईंचा आरोग्य विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत! माझी नोकरी गेली, तशी त्यांची पॉलिसीही गेली. शहात्तराव्या वर्षी त्यांच्यासाठी नवी पॉलिसी शोधायला निघाले, तेव्हा प्रीमियमचा आकडा ऐकून फोन ठेवला आणि नुसती बसून राहिले. हे जॉइनिंगच्या वेळी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

राग आला का? आला तर! पण रागापेक्षा त्यामागचा फंडा समजून घेणं गरजेचं होतं. आपल्याकडची आयटी सर्व्हिसेसची कंपनी म्हणजे एक पिरॅमिड. खाली पुष्कळ फ्रेशर, मध्ये थोडे सीनियर, वर मूठभर. क्लायंटकडून कामाच्या तासांचे पैसे येतात आणि खालच्या थराचे पगार कमी असतात, म्हणून नफा सुटतो. वर जावं तशा खुर्च्या कमी. मग पंचेचाळिशीतल्या माणसाला एक तर मॅनेजर होऊन वर सरकावं लागतं, नाही तर तो मधल्या थरात अडकलेला महागडा दगड ठरतो. आमच्या कंपनीत कुणी खलनायक नव्हता. एक एक्सेल शीट होती आणि तिच्यात पगाराचा एक कॉलम होता. वरून खाली लावला की माझं नाव फार वर यायचं, बस्स.

तिशीत प्लॅनिंग, पन्नाशीत एनर्जी

मग सुरू झाली इंटरव्ह्यूंची वारी. रंगवलेले केस, सडपातळ रेझ्युमे. फोनवर सगळं छान जायचं. कॅमेरा ऑन झाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलायचं आणि आवाज एकदम आदराचा व्हायचा. हा आदर म्हणजे धोक्याची घंटा, बरं का! ‘‘मॅम, तुमचा अनुभव खूपच मोठा आहे...’’ या वाक्याच्या पुढे हमखास ‘पण’ येतो. ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द तर इतक्यांदा ऐकला की, ते माझं आडनावच आहे असं वाटायला लागलं.

एकाने विचारलं, ‘‘आमच्या टीमचं सरासरी वय सत्तावीस आहे. तुम्ही फिट व्हाल?’’ दुसरा म्हणाला, ‘‘रात्रीचे रिलीज असतात. एनर्जी राहील ना?’’ मला हसू आवरेना. अरे बाबा, तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन रात्री दोनला डेटाबेस परत उभा केलाय मी. तेव्हा नाही कुणी विचारलं एनर्जीचं!

तेव्हा वेगळंच विचारायचे. तिशीत प्रश्न असायचा, ‘‘पुढचं प्लॅनिंग काय?’’ म्हणजे मूल कधी. पस्तिशीत, ‘‘घरी बघायला कोण असतं?’’ आणि पन्नाशीत, ‘‘एनर्जी आहे का?’’ पुरुषाला निदान मधली दहा-पंधरा वर्षं ‘योग्य वयाचा’ म्हणून मिळतात. बाई मात्र आधी लग्नाळू, मग लेकुरवाळी, मग एकदम म्हातारी. तिचं योग्य वय कुठलं, ते अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला कळलं नाही.

त्यात पन्नाशीच्या आसपास शरीर आपलं वेगळंच वेळापत्रक काढतं. एका इंटरव्ह्यूत एसी बावीसवर असताना मला घामाच्या धारा लागल्या. समोरच्या मुलाला वाटलं, मॅडमना प्रश्न अवघड गेला. त्याला मेनोपॉज कोण समजावणार? रुमालाने तोंड पुसलं आणि उत्तर पूर्ण केलं. उत्तर बरोबर होतं. पुढचा कॉल आला नाही.

हे काही फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. २००७मध्ये बावीस वर्षांच्या मार्क झुकेरबर्गने स्टॅनफर्डमधल्या एका कार्यक्रमात सांगितलं होतं की, तरुण माणसं जास्त हुशार असतात. (तोही २०२४मध्ये चाळिशीचा झाला. वेलकम, काका!) पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी खरोखरच आकडे काढले, तेव्हा सगळ्यात वेगाने वाढलेल्या स्टार्टअपवाल्यांचं सुरुवातीचं सरासरी वय निघालं ४५. पण समज काही हटत नाही. २०२२मध्ये आयबीएमविरुद्धच्या एका खटल्यातले जुने ई-मेल बाहेर आले. त्यांत वयस्कर कर्मचाऱ्यांसाठी ‘डायनोबेबीज’ असा शब्द होता. डायनासोरची पिल्लं! कर्मचाऱ्यांबद्दलच्या आपल्या आदराशी ही भाषा जुळत नाही, असा खुलासा मग कंपनीला करावा लागला.

फरक एवढाच की, तिकडे चाळिशीपुढच्या नोकरदारांना वयावरून डावलू नये म्हणून १९६७पासून कायदा आहे. आपल्या राज्यघटनेने भेदभावाला मनाई करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावं घेतली आहेत. वय त्या यादीत नाही. खासगी नोकरीत वयामुळे नाकारलं म्हणून दाद मागायला असा खास कायदाही नाही. म्हणजे तक्रार करायची, तर अर्जावर लिहायचं काय, इथपासून सुरुवात!

आता माझा लोच्या

इथपर्यंत वाचून माझी दया आली असेल, तर त्यातली थोडी परत घ्या.

ऑक्टोबरमध्ये एका कंपनीने वयबिय काही न विचारता सरळ टेस्ट पाठवली. घरी बसून दोन तास. एक छोटा प्रोग्राम लिहा, गिटवर टाका आणि क्लाउडवर चालवून दाखवा. आता गिट म्हणजे काय ते मला माहीत होतं. ‘‘मर्ज झालं का?’’ असं टीमला हजार वेळा विचारलं होतं. स्वतःच्या हाताने एकदाही केलं नव्हतं. दोन तास संपले तेव्हा माझा प्रोग्राम क्लाउड सोडाच, माझ्याच लॅपटॉपवर धड चालत नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. गेली आठ वर्षं मी काय करत होते? स्टेटस शीट भरत होते. कॉल लावत होते, कॉलचे मिनिट्स पाठवत होते आणि त्या मिनिट्सवर चर्चा करायला पुन्हा कॉल लावत होते. डिझाइन एक जण करायचा, कोड दुसरा लिहायचा, मी ‘को-ऑर्डिनेट’ करायचे. ते काम कुणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं. लेकीची दहावी होती, सासऱ्यांचं आजारपण होतं आणि त्या कामात साडेसहाला निघता यायचं. मी ते आनंदाने घेतलं. आणि माझ्यातली इंजिनीअर माळ्यावर ठेवून दिली, दिवाळीच्या मोठ्या कढईसारखी.

वयावरून डावलणं खरंच असतं. ते मी भोगलंय. पण त्या टेस्टमध्ये माझं वय नापास झालं नव्हतं, मी झाले होते. हे दोन हिशेब मी तोवर एकाच वहीत लिहीत होते. प्रत्येक नकार वयाच्या खात्यावर टाकला की बरं वाटायचं, पण त्याने काम येत नाही. त्या रात्री दोन्ही खाती वेगळी केली. पहिल्यावर माझा काही कंट्रोल नव्हता. दुसऱ्यावर होता.

पायथनचं वय विचारा

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच ते साडेसहा. रोज दीड तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवात पायथनपासून केली आणि पहिल्याच धड्यात एक ओळ वाचून चहाचा कप खाली ठेवला. पायथन पहिल्यांदा बाहेर आली १९९१मध्ये! मी इंजिनीअरिंगला अॅडमिशन घेतली ते साल. लिनक्सही १९९१चंच. जावा १९९५ची, म्हणजे माझ्या डिग्रीच्या सालची. एसक्यूएल तर सत्तरच्या दशकातली आणि आजही बँकेच्या खात्यांपासून बिर्याणीच्या ऑर्डरपर्यंत कुठेकुठे तीच राबतेय.

यांना कुणी विचारतं का, ‘एनर्जी राहील ना?’ पायथनला कुणी काकू म्हणतं का? तिच्या नव्या व्हर्जन येत राहिल्या, म्हणून एआयच्या जमान्यात तिचा भाव उलट वधारलाय. डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या धंद्यात जुनं असणं चालतं. अपडेट बंद पडलं की मात्र कुणी विचारत नाही.

मी लाजून उडवलेल्या कोबोलचीच गोष्ट घ्या. या भाषेच्या मुळाशी जिचं काम आहे, ती ग्रेस हॉपर अमेरिकेच्या नौदलात होती. १९६६मध्ये तिला निवृत्त केलं आणि १९६७मध्ये परत बोलावून घेतलं. ती शेवटची निवृत्त झाली १९८६मध्ये, तेव्हा वय होतं ७९. त्यानंतरही एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून काम करत राहिली. आणि तिच्या कोबोलचं काय झालं? एप्रिल २०२०मध्ये कोरोनामुळे न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि तिथली जुनी यंत्रणा गुदमरली. तेव्हा खुद्द गव्हर्नरना जाहीर आवाहन करावं लागलं की, कोबोल येणारी माणसं हवीत!

जपानच्या मासाको वाकामिया यांची गोष्ट तर आणखी सही. बँकेतून रिटायर झालेल्या या आजींनी २०१७मध्ये, ८१ वर्षांच्या असताना, पारंपरिक बाहुल्या मांडण्याच्या खेळाचं आयफोन अॅप बनवलं. त्याच वर्षी अॅपलने त्यांना आपल्या डेव्हलपर्सच्या परिषदेला बोलावलं.

पण खरं सांगू? या आज्यांची प्रेरणा दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी लूप का अडकतोय, हे कुणाला तरी विचारावंच लागतं. मी विचारलं जुन्या टीममधल्या एका नागपूरच्या पोराला. त्याचं पहिलं अप्रेझल मी केलं होतं. आता दर शनिवारी तो माझा कोड तपासणार होता. बिचारा फार संकोचला. ‘‘मॅडम, तुमचं चुकलं, असं तुम्हाला कसं सांगू?’’

‘‘मी तुला सांगायचे, तसंच सांग.’’

मग काय, सुटलाच तो! एका शनिवारी माझ्या साठ ओळी अकरा ओळींत बसवून दाखवल्या. बदल्यात त्याला मी क्लायंटशी न भांडता ‘नाही’ कसं म्हणायचं, ते शिकवलं. फिट्टंफाट.

रात्री बारा ते पहाटे साडेपाच

जानेवारी २०२४. बाणेरमधली पन्नास-साठ माणसांची छोटी कंपनी. ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानदारांना रोजच्या विक्रीचे रिपोर्ट देणारं सॉफ्टवेअर बनवते. या वेळी केस रंगवले नाहीत. रेझ्युमेत १९९५ परत आलं होतं, कोबोलही आलं होतं. लपवून तरी काय मिळालं होतं?

समोर दोघं. एक एकतीस वर्षांचा, टी-शर्टवाला, तोच माझा होणारा मॅनेजर. शेजारी त्याच्याहून लहान एक मुलगी. त्यांनी पुस्तकी कोडं न घालता त्यांची खरीखुरी कटकट समोर ठेवली. दिवाळी सेलच्या दिवसाची विक्री रिपोर्टमध्ये कमी येते, दुकानदाराच्या हिशेबात जास्त. आदल्या दिवसाचं नेमकं उलटं. ‘‘एआय वापरलंत तरी चालेल,’’ तो म्हणाला.

मी वापरलं. त्याने दहा सेकंदांत क्वेरी लिहून दिली. सुंदर क्वेरी, एक चूक नाही. आकडा मात्र तोच, चुकीचा!

कीबोर्डवरून हात उचलले आणि विचारलं, ‘‘सेल किती वाजता सुरू झाला होता?’’

‘‘रात्री बाराला.’’

‘‘आणि तुमचा सर्व्हर तारीख कुठल्या घड्याळाने लावतो?’’

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मुलीने पटकन तपासलं. सर्व्हर यूटीसीवर होता, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजतात, तेव्हा तिच्या हिशेबाने आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली सगळी विक्री सर्व्हरच्या वहीत आदल्या तारखेला पडत होती. एरवी त्या वेळात खरेदी करतंय कोण? फरक किरकोळ, कुणाच्या लक्षात आला नव्हता. सेलच्या रात्री मात्र लोक मोबाइल हातात धरून बाराच्या ठोक्याची वाट बघत बसले होते!

क्वेरी बरोबर होती. त्यातला ‘दिवस’ चुकीचा होता.

‘‘तुम्हाला हे कसं सुचलं?’’ मुलीने विचारलं.

‘‘सालातले दोन आकडे वाचवायच्या नादात अख्ख्या जगाला घाम फुटला होता ना, त्या वायटूकेवर मी काम केलंय. तेव्हापासून तारीख दिसली की आधी तिच्यावरच संशय घेते.’’ दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

मग दुरुस्ती मीच केली, त्यांच्यासमोर. गिटवर टाकली, तीही मीच. हे नीट सांगते, कारण मुद्दा इथे आहे. तो प्रश्न सुचायला १९९९ लागलं आणि त्यापुढचं काम करायला पहाटेचे तीन महिने लागले. नुसता अनुभव असता, तर ‘आमच्या वेळी’ असं सांगत बसले असते आणि त्यांनी चहा पाजून रवाना केलं असतं. नुसता कोर्स असता, तर सुंदर क्वेरी लिहून मीही गप्प बसले असते.

‘तुम्ही बसा’

नोकरी मिळाली. इथे गोड शेवट करून मोकळी होऊ? नको. पगार आधीपेक्षा तीस टक्के कमी आणि सीनियर मॅनेजरची डेटा इंजिनीअर झाले. लग्नकार्यात कुणी ‘‘सध्या काय करतेस?’’ विचारलं की, पहिले सहा महिने जीभ अडखळायची. पगाराचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू? आकडा ऐकल्यावर मी फार लवकर ‘हो’ म्हटलं. इतके महिने घरी बसलेला माणूस घासाघीस करत नाही, आणि हे समोरच्याला बरोबर माहीत असतं.

पहिल्या आठवड्यात सगळे ‘मॅम, मॅम’ करायचे. डब्याला बसले की विषय बदलायचा, जणू वर्गात बाई आल्या. एक दिवस मॅनेजर म्हणाला, ‘‘मॅम, रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीतून तुम्हाला वगळलंय.’’ अगदी चांगल्या मनाने. मी म्हटलं, ‘‘परत घाल. आणि मॅम नको, नावाने हाक मार.’’

मंडळी, माणसाला बाजूला काढताना दरवेळी दार आपटलं जात नाही. खूपदा पंखा लावून, पाणी देऊन, ‘तुम्ही बसा, आम्ही करतो,’ असं म्हणत काढलं जातं. त्यावर बसलात की संपलंच. आठ वर्षांपूर्वी मी अशीच बसले होते ना!

त्या महिन्यात रात्री अडीचला माझा फोन वाजला. सिस्टीम बंद. इंटरव्ह्यूतली ती मुलगी आणि मी, दोघी पहाटे चारपर्यंत कॉलवर. शेवटी सगळं सुरू झालं आणि ती जांभई देत म्हणाली, ‘‘ए, तू चहा करतेयस का गं?’’ मग जीभ चावली, ‘‘सॉरी सॉरी, तुम्ही...’’

‘‘राहू दे ‘तू’च,’’ मी म्हटलं. आजवरच्या सगळ्या अप्रेझलपेक्षा ते ‘ए, तू’ भारी होतं.

पंचसूत्री

तुम्ही आज अठ्ठावीसचे असाल, तर माझ्या वयाला पोचायला अजून वीस-बावीस वर्षं आहेत म्हणून निवांत राहू नका. पिरॅमिडची अरुंद बाजू त्याच्या बरीच आधी लागते. तेव्हा हे पाच फंडे आत्ताच क्लिअर करून घ्या.

एक, प्रमोशन घ्या, पण हात चालू ठेवा. मॅनेजर झालात तरी आठवड्यातून एकदा तरी काहीतरी स्वतः बनवा, स्वतः बिघडवा आणि स्वतःच दुरुस्त करा.

दोन, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि आरोग्य विमा स्वतःचा. आई-बाबांचाही. कंपनीचा विमा हा कंपनीचा असतो. शिवाय गाठीला पैसे असले की पगाराच्या आकड्यावर ‘विचार करून सांगते’ म्हणता येतं. मला नाही म्हणता आलं.

तीन, रेझ्युमेत वय लपवू नका, पण पाढेही म्हणू नका. शेवटची दहा वर्षं नीट लिहा, आधीचं चार ओळींत आटपा. किती माणसं सांभाळली, यापेक्षा कुठला प्रश्न सोडवला, ते सांगा.

चार, शिकायला पैसे नाहीत, ही सबब आता चालत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, हार्वर्डचा सीएस फिफ्टीही फुकट आहे. आणि मूल, आजारपण यांच्यासाठी ब्रेक घेतलेल्या मैत्रिणींनो, परत येण्यासाठीच्या खास योजना असतात, त्या शोधा. टाटा समूहाने बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप २००८मध्येच सुरू केली होती. नंतर इतरही कंपन्यांनी अशी दारं उघडली. लाजू नका, विचारा.

पाच, हा खास तुमच्यासाठी. उद्या तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसाल. समोर पांढऱ्या केसांची एखादी बाई येईल. तिला एनर्जीबद्दल विचारू नका, ‘फिट’ होईल का विचारू नका. तुमची खरी कटकट तिच्यापुढे ठेवा आणि बघा. जमलं नाही, तर खुशाल नापास करा. पण नापास व्हायची संधी तरी द्या! मला ऑक्टोबरमध्ये ती एकाने दिली होती, म्हणून जानेवारीत पास झाले.

परवा लेक घरी आली ती तोंड पाडून. नवी नोकरी शोधतेय. ‘‘आई, इंटरव्ह्यू मस्त झाला. पण ते म्हणाले, अनुभव कमी पडतो.’’ मी हसायलाच लागले. एकाच घरातल्या दोघी, एकीचा अनुभव जास्त होतो, दुसरीचा कमी पडतो. मग बरोबर वयाचं नक्की आहे तरी कोण?

‘‘काढ लॅपटॉप,’’ मी म्हटलं. ‘‘रेझ्युमे बघू. आणि हे बघ, साल खोडायचं नाही!’’

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर अपडेट राहा!